बीटा ४२ आला, पुढे काय?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. आयव्हीएफमधलं फ्रोझन ट्रान्सफर, म्हणजे शरीराबाहेर तयार करून गोठवून ठेवलेला गर्भ वितळवून गर्भाशयात सोडणं; पाचव्या दिवसाचा एक गर्भ, ज्याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. ट्रान्सफरनंतर नवव्या दिवशी बीटा एचसीजी (गर्भातून येणारं, रक्तात मोजता येणारं हार्मोन) ४२, अकराव्या दिवशी ७९. त्याच नमुन्यात प्रोजेस्टेरॉन (गर्भाशयाचं अस्तर टिकवणारं हार्मोन) ६.१, आणि रिपोर्टवर त्याच्यापुढे जाड अक्षरात 'कमी' असं छापलेलं. डायड्रोजेस्टेरॉनच्या (प्रोजेस्टेरॉनचं काम करणाऱ्या औषधाच्या) गोळ्या आणि योनीमार्गात ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या चालू आहेत. ओळखीतल्या एकीचा बीटा त्याच दिवशी २१० आला होता. शेवटी तुम्ही विचारलंय, "हा गर्भ टिकेल का? टिकणार नसेल तर ते आत्ताच रक्तातून कळणार नाही का?"

उत्तर आधी देते, कारण ही वाट बघणं काय असतं ते मी रोज बघते. तुम्ही गरोदर आहात. गर्भ रुजायला सुरुवात झाली आहे आणि दोन दिवसांतली वाढ मर्यादेत आहे. सुरुवातीचा आकडा लहान आहे, त्यामुळे पुढे काही बिनसण्याची शक्यता मोठ्या आकड्याने सुरुवात झालेल्या बाईपेक्षा जास्त आहे. हे मी लपवणार नाही. पण टिकेल की नाही, हे आज रक्तावरून कोणीही सांगू शकत नाही. मीही नाही आणि तुमचे डॉक्टरही नाहीत. ते सोनोग्राफीत कळेल. तोवर चालू औषधांतली एकही गोळी स्वतःहून बंद करू नका.

आता असं का म्हणते ते सविस्तर.

एचसीजी हे हार्मोन गर्भाच्या बाहेरच्या पेशींच्या थरातून येतं, ज्या थरापासून पुढे वार बनते. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात शिरू लागला की हे हार्मोन आईच्या रक्तात उतरतं, त्याआधी नाही. त्याचे दोन भाग असतात, अल्फा आणि बीटा. अल्फा भाग पाळी चालवणाऱ्या एलएच, एफएसएच या हार्मोनमध्ये आणि थायरॉइडच्या टीएसएचमध्येही अगदी तसाच असतो. त्यामुळे जुन्या चाचण्या एलएच आणि एचसीजीमध्ये गोंधळ करायच्या. १९७२ मध्ये ज्युडिथ व्हायटुकाइटिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फक्त बीटा भाग ओळखणारी तपासणी बसवली, आणि तेव्हापासून अगदी थोडं हार्मोनही खात्रीने मोजता येऊ लागलं. आपण सगळे ज्याला नुसतं 'बीटा' म्हणतो ते नाव तिथून आलं.

म्हणजे पहिला बीटा एकाच गोष्टीचं उत्तर देतो: रुजायला सुरुवात झाली का, आणि साधारण केव्हा. यातला 'केव्हा' फार महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दल पेशंटना क्वचितच सांगितलं जातं. या दिवसांत हार्मोन साधारण दीड दिवसात दुप्पट होतं. दोन गर्भ घ्या, दोन्ही सारखेच निरोगी, दोन्हींचा वेग सारखा. एक दीड दिवस आधी रुजला. नवव्या दिवशी त्याचा बीटा ८४ असेल तर दुसऱ्याचा ४२. तीन दिवस आधी रुजलेल्याचा १६८. तुमच्या ओळखीच्या बाईंचा २१० आणि तुमचा ४२ यांतला बराचसा फरक असा निव्वळ घड्याळाचा असू शकतो. फ्रोझन गर्भ वितळवल्यावर कवचातून बाहेर यायला कधी जास्त वेळ घेतो, कधी मुळातच थोडा सावकाश वाढणारा असतो. बऱ्याच रिपोर्टांच्या खाली आठवड्यांचा तक्ता छापलेला असतो. त्यात चौथ्या आठवड्यापुढे बहुधा ५ ते ४२६ असं लिहिलेलं दिसेल. त्याच आठवड्यात ५ ही चालतो आणि ४२६ ही चालतो, इतका तो पट्टा रुंद आहे. तुमचा नववा दिवस म्हणजे बरोबर चार आठवडे पूर्ण. कारण पाच दिवसांचा गर्भ ट्रान्सफर केला त्या दिवशी हिशेबाने २ आठवडे ५ दिवस झालेले असतात.

मग लहान आकड्याची काळजी मुळीच करायची नाही का? तसं नाही. उशिरा रुजणं आणि न टिकणं यांचं नातं आहे, आणि ते चांगलं अभ्यासलेलं आहे. विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नैसर्गिकरीत्या गर्भधारणेचा प्रयत्न करणाऱ्या बायकांच्या रोजच्या लघवीच्या नमुन्यांत एचसीजी पहिल्यांदा कोणत्या दिवशी दिसतं ते त्यांनी पाहिलं. टिकलेल्या बहुतेक गर्भांमध्ये ते बीज सुटल्यापासून आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी दिसलं. नवव्या दिवसापर्यंत रुजलेल्यांपैकी १३ टक्के गर्भ लवकर गेले, दहाव्या दिवशी रुजलेल्यांपैकी २६ टक्के, अकराव्या दिवशी ५२ टक्के आणि त्यानंतर रुजलेल्यांपैकी ८२ टक्के. मला या अभ्यासातली शेवटची टक्केवारी जितकी महत्त्वाची वाटते तितकीच तिची उरलेली बाजूही. सर्वांत उशिरा रुजलेल्यांतलेही काही टिकले. म्हणून लहान बीटा हा इशारा आहे. निकाल म्हणून तो कुणाच्या हातात देऊ नये.

यातला एक बारकावा सांगते, कारण 'अमुकच्या वर आला तर यश' अशी वाक्यं तुम्ही नक्की वाचली असतील. ती रेषा कुठून येते? एखादं सेंटर आपल्या काहीशे पेशंटचे बीटा घेतं, कोणाचं काय झालं ते मांडतं, आणि ज्या आकड्यावर दोन गट सर्वांत चांगले वेगळे होतात तिथे रेषा आखतं. ती रेषा त्या सेंटरच्या तपासणीच्या दिवसासाठी, त्या मशीनसाठी, आणि 'यश' या शब्दाच्या त्यांच्या व्याख्येसाठी खरी असते. कुणी अकराव्या दिवशी बघतं, कुणी चौदाव्या. कुणी तीन दिवसांचा गर्भ सोडतं, कुणी पाच दिवसांचा. कुणाच्या लेखी ठोके दिसले की यश, कुणाच्या लेखी बाळ घरी गेलं की यश. दुसऱ्या दिवसाची रेषा आपल्या दिवसाला लावली की निष्कारण रडारड होते. शिवाय रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन्ही प्रकारचे पेशंट असतात. सेंटरला औषधांचं आणि तपासण्यांचं नियोजन करायला ती रेषा उपयोगी आहे. एकट्या बाईला ती फार थोडं सांगते.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी ३०० च्या वरचा बीटा बघून फोनवर "अभिनंदन, आता काळजी नाही" असं म्हणून टाकलं होतं. सातव्या आठवड्यात ठोके नव्हते. त्या बाई मला म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं होतं की काळजी नाही." ते वाक्य मी विसरलेले नाही. त्यानंतर फोनवर मी फक्त "रुजायला सुरुवात झाली आहे, आता पुढचा टप्पा" एवढंच म्हणते. उलट दहाव्या दिवशी २८ बीटा आलेल्या एका बाईंना आमच्यातल्या सगळ्यांनीच मनातून सोडून दिलं होतं. दोन दिवसांनी ५९, पुढे १३०, आणि ते बाळ पूर्ण दिवसांचं झालं. ही एक गोष्ट सांगून तुम्हाला खोटी आशा लावायची नाही. २८ ने सुरू झालेल्या बऱ्याच जणींचं तसं होत नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर घडल्या आहेत.

पहिल्या आकड्यापेक्षा दुसरा महत्त्वाचा, आणि तो तुमच्याकडे आहे. ४२ चे ७९ झाले म्हणजे ४८ तासांत ८८ टक्के वाढ. दुप्पट व्हायला साधारण ५३ तास. "दुप्पट झाला नाही" म्हणून तुम्ही घाबरलात. पण ४८ तासांत दुप्पट व्हायलाच हवं हा नियम नाही, ती सोयीसाठी लक्षात ठेवलेली गोष्ट आहे. १९८१ मध्ये किमान वाढ ६६ टक्के हवी असं मांडलं गेलं. पुढे बार्नहार्ट आणि सहकाऱ्यांनी जास्त मोठ्या संख्येने पेशंट बघितले तेव्हा २००४ मध्ये ही किमान मर्यादा ५३ टक्क्यांवर आली. २०१६ मध्ये त्यांनी दाखवलं की ती सुरुवातीच्या आकड्यावरही अवलंबून असते: १५०० च्या खाली ४९ टक्के, १५०० ते ३००० मध्ये ४० टक्के, त्याच्या वर ३३ टक्के. म्हणजे जसजसा आकडा मोठा होतो तसा वेग आपोआप मंदावतो आणि ते नैसर्गिक आहे. बीटा ६००० च्या पुढे गेल्यावर दुप्पट व्हायला तीन-चार दिवसही लागतात. तेव्हा दर दोन दिवसांनी रक्त देऊन जीव टांगणीला लावण्यात अर्थ नसतो. तिथून पुढे सोनोग्राफीच बघायची. आठ ते दहा आठवड्यांत बीटा शिखर गाठतो आणि मग उतरू लागतो. हे माहीत नसेल तर तो उतार बघूनही बायका घाबरतात.

या किमान मर्यादांचा अर्थही नीट समजून घ्या. मर्यादेच्या खाली वाढ असेल तर गर्भ निरोगी असण्याची शक्यता फारच कमी. वर असेल तर गर्भ निरोगी आहेच, असं मात्र नाही. तुमची वाढ वर आहे. दार उघडं आहे, इतकंच त्यातून घ्या.

आणि दोन नमुन्यांमधलं अंतर खरंच ४८ तासांचं होतं का ते बघा. पहिलं रक्त सकाळी साडेनऊला आणि दुसरं तिसऱ्या दिवशी सकाळी सातला दिलं असेल तर अंतर साडेपंचेचाळीस तासांचंच झालं. इतक्या लहान आकड्यांत अडीच तासांनीही टक्केवारी हलते. त्यातच एकच नमुना त्याच मशीनवर दोनदा लावला तरी पाच-दहा टक्क्यांचा फरक पडू शकतो. लॅब बदलली तर तुलनाच करू नका, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या चाचण्या एचसीजीचे वेगवेगळे तुकडे कमी-जास्त पकडतात. मी पेशंटला सांगते, पहिला बीटा जिथे केला तिथेच दुसरा, शक्य तर त्याच वेळेला. एककाकडेही लक्ष असू द्या. बीटाच्या बाबतीत मिलीलिटरला मिली-युनिट आणि लिटरला युनिट म्हणजे आकडा तोच. प्रोजेस्टेरॉनचं तसं नाही. काही लॅब नॅनोग्रॅममध्ये देतात, काही नॅनोमोलमध्ये. नॅनोग्रॅमला ३.१८ ने गुणलं की नॅनोमोल मिळतात. एकीचे ३० नॅनोमोल आणि दुसरीचे ९.४ नॅनोग्रॅम हे एकच आहे, आणि त्यावरून दोघी एकमेकींशी तुलना करत बसलेल्या मी बघितल्या आहेत.

केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबला आणि डॉक्टरांना सांगा. काही मशिनांची तपासणी-पद्धत बायोटिनवर चालते. मोठ्या डोसमध्ये ते घेतलं असेल तर त्या मशीनवर बीटा खोटा कमी आणि प्रोजेस्टेरॉन खोटं जास्त दिसू शकतं. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने, एफडीएने, २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. तरी पेशंटला हा प्रश्न विचारायचा राहून जातो. उलट बाजूही सांगते. फ्रेश सायकलमध्ये, म्हणजे गर्भ न गोठवता लगेच सोडतात तेव्हा, बीज काढण्याआधी एचसीजीचं इंजेक्शन दिलेलं असतं, ५००० किंवा १०,००० युनिटचं. त्याचा अंश रक्तात दहा-बारा दिवस, कधी चौदा दिवसही राहतो. म्हणून ट्रान्सफरनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी घरी लघवीच्या पट्टीवर दिसणारी फिकट दुसरी रेघ ही पुष्कळदा इंजेक्शनचीच असते. तुमची सायकल फ्रोझन, बीज सुटू न देता गोळ्यांनी अस्तर वाढवलेली, त्यामुळे तुमच्या ४२ मध्ये असं काही मिसळलेलं नाही. ते सगळं गर्भाचंच आहे.

आता प्रोजेस्टेरॉन. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण तुमच्या प्रश्नात सगळ्यात जास्त धास्ती त्या जाड 'कमी' शब्दाची आहे, आणि नेमकं तिथेच सर्वांत जास्त गैरसमज आहेत.

नैसर्गिक गरोदरपणात बीज सुटल्यावर ओव्हरीत जी पिवळसर गाठ तयार होते, कॉर्पस ल्युटियम, ती सुरुवातीचे आठवडे प्रोजेस्टेरॉन बनवते. गर्भाचं एचसीजी तिला जिवंत ठेवतं. १९७० च्या दशकात चापो या संशोधकांनी दाखवून दिलं की ती गाठ सातव्या आठवड्याआधी काढली तर गर्भपात होतो आणि नवव्या आठवड्यानंतर काढली तर गरोदरपण चालू राहतं. म्हणजे सात ते नऊ आठवड्यांच्या दरम्यान वार हे काम स्वतःकडे घेते. आपण दहा-बारा आठवड्यांपर्यंत औषधं चालू ठेवतो ती या हिशेबाने, थोडी सुरक्षित बाजू धरून.

तुमच्या सायकलमध्ये बीज सुटलेलंच नाही. म्हणजे ती गाठ नाही. म्हणजे तुमचं सगळं प्रोजेस्टेरॉन बाहेरून येतंय. मग रक्तातला ६.१ हा आकडा गर्भाच्या तब्येतीबद्दल काय सांगेल? काहीच नाही. औषध रक्तात किती उतरलं, एवढंच तो सांगतो. आणि तेही अर्धवट, कारण तुम्ही घेता ती डायड्रोजेस्टेरॉनची गोळी प्रोजेस्टेरॉनच्या तपासणीत दिसतच नाही. रेणू वेगळा आहे, चाचणी त्याला ओळखत नाही. नुसत्या डायड्रोजेस्टेरॉनवर असलेल्या बाईचं प्रोजेस्टेरॉन अगदी एकच्या खाली येऊ शकतं आणि तरी अस्तराला औषध पुरेपूर मिळत असतं. योनीमार्गात ठेवलेलं प्रोजेस्टेरॉन आधी गर्भाशयात जातं, तिथे त्याचं प्रमाण भरपूर असतं, आणि रक्तात त्या मानाने कमी दिसतं. या दोन गोष्टी एकत्र केल्या की ६.१ हा आकडा तितका भीतीदायक राहत नाही. रिपोर्टवरचा 'कमी' हा शब्द संगणकाने छापला आहे, नैसर्गिक पाळी आणि नैसर्गिक गरोदरपणाच्या मर्यादा बघून. तुम्ही काय घेता हे त्या संगणकाला माहीत नव्हतं.

मग अशा सायकलमध्ये प्रोजेस्टेरॉन बघायचंच नाही का? एका ठिकाणी बघतात, आणि ते दिवस निवडून. लाबार्ता आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की कृत्रिम सायकलमध्ये फक्त योनीमार्गातून प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्या ज्या बायकांचं प्रमाण ट्रान्सफरच्या दिवशी ९.२ नॅनोग्रॅमच्या खाली होतं, त्यांच्यात गरोदरपण चालू राहण्याचं प्रमाण कमी होतं. त्यानंतर अनेक सेंटरांनी ट्रान्सफरच्या सुमारास एकदा तपासणी करून कमी असेल तर इंजेक्शनची जोड द्यायला सुरुवात केली. मला ते पटतं, मीही करते. पण तो आकडा त्या दिवसाचा आणि त्या औषधाचा आहे. बीटाच्या दिवशीच्या मिश्र औषधांवरच्या आकड्याला तो लावता येत नाही. तुमच्या डॉक्टरांना "मला इंजेक्शनची जोड द्यावी असं वाटतं का?" हे जरूर विचारा. विचारण्यासारखा प्रश्न आहे, आणि काही जण देतीलही. स्वतःहून डोस दुप्पट करू नका.

आणखी एक सापळा. "प्रोजेस्टेरॉन ५ च्या खाली असेल तर गर्भ जातोच" असं वाक्य फिरत असतं. त्याला खरा आधार आहे: २०१२ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात पोटात दुखणं किंवा रक्तस्राव असलेल्या आणि सोनोग्राफीत काही स्पष्ट न दिसलेल्या बायकांमध्ये प्रोजेस्टेरॉन ३.२ ते ६ नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर गर्भ न टिकण्याची शक्यता ९९ टक्क्यांच्या वर निघाली. पण त्या सगळ्या जणी नैसर्गिकरीत्या राहिलेल्या गरोदर बायका होत्या. त्यांची गाठ स्वतः प्रोजेस्टेरॉन बनवत होती, आणि गर्भ कमजोर पडला की गाठही कमजोर पडत होती. म्हणून तिथे तो आकडा बोलतो. तुमच्या सायकलमध्ये गाठच नाही, तेव्हा तुमच्या बाबतीत तो मुका आहे. नैसर्गिक सायकलमध्येही हे हार्मोन लाटांनी येतं. बीज सुटल्यानंतरच्या दिवसांत एकाच बाईच्या रक्तात चोवीस तासांत ते २.३ पासून ४० पर्यंत हेलकावे खाताना मोजलेलं आहे. एका सुईच्या नमुन्यावर मोठा निर्णय घेऊ नये तो यासाठी.

एस्ट्रॅडिओल या हार्मोनबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण रिपोर्टमध्ये असेलच. गर्भ टिकण्याच्या अंदाजासाठी मी त्याकडे बघत नाही. एएमएच हे बीजांच्या साठ्याचं मोजमाप आहे. गर्भ राहिल्यावर ते काही सांगत नाही. टीएसएच मात्र एकदा करून घ्या, कारण थायरॉइडचा दोष सापडला तर तो दुरुस्त करता येतो. या तपासण्यांमध्ये मला मनापासून आवडणारी अशी तीच एक.

आता ज्याची मला तुमच्या बाबतीत खरी काळजी वाटते ते. लहान सुरुवात आणि मधल्या वेगाची वाढ, हे चित्र तीन ठिकाणी दिसतं. उशिरा रुजलेला निरोगी गर्भ, लवकरच थांबणारा गर्भ, आणि गर्भाशयाबाहेर, बीजवाहक नळीत अडकलेला गर्भ. रक्त या तिघांना वेगळं करू शकत नाही. या शास्त्राचा इतिहासच बघा. १९७३ मध्ये मेलबर्नच्या गटाने शरीराबाहेर फलन करून मिळवलेलं पहिलं गरोदरपण फक्त हार्मोनच्या वाढीत दिसलं आणि काही दिवसांत ओसरलं. १९७६ मध्ये इंग्लंडमधल्या स्टेप्टो आणि एडवर्ड्स या जोडीच्या पेशंटचं गरोदरपण नळीत निघालं. २५ जुलै १९७८ ला लुईस ब्राउनचा, पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाचा, जन्म झाला. तिन्ही वेळा हार्मोन वाढलं होतं. पुढे काय होणार ते त्या पहिल्या वाढीत लिहिलेलं नव्हतं.

ट्रान्सफर गर्भाशयात केलं तरी गर्भ नळीत जाऊ शकतो, शंभरात एक-दोन जणींत, आणि नळ्यांचा जुना आजार असेल तर जास्त. नळीतल्या गर्भातही काही वेळा बीटा अगदी नीट वाढताना दिसतो. म्हणून एका बाजूला सतत दुखणं, खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येणं यांतलं काहीही झालं तर सोनोग्राफीच्या तारखेची वाट बघायची नाही. त्याच रात्री दवाखान्यात जायचं आणि "माझं ट्रान्सफर झालंय, बीटा पॉझिटिव्ह आहे, अजून गर्भाची पिशवी बघितलेली नाही" ही तीन वाक्यं आधी सांगायची. थोडे तपकिरी डाग ही वेगळी गोष्ट. योनीमार्गातल्या गोळ्यांनी तिथली त्वचा नाजूक होते, त्यानेही डाग लागतात. डाग दिसले म्हणून गोळ्या थांबवायच्या नाहीत, फोन करायचा.

आणि उलटंही सांगते. बीटा सावकाश वाढतोय एवढ्यावरून कोणी घाईने मेथोट्रेक्झेट, म्हणजे गर्भाची वाढ थांबवणारं औषध, द्यायला निघालं तर थांबवा आणि विचारा, सोनोग्राफीत काय दिसलं? रुजलेला, हवाहवासा गर्भ निव्वळ एका आकड्याच्या भीतीने औषध देऊन घालवण्यासारखी दुसरी चूक नाही. पूर्वी बीटा १५०० ते २००० ला पोचला की पिशवी दिसलीच पाहिजे असं मानायचे. आता अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१८ च्या सूचनांमध्ये ही मर्यादा ३५०० पर्यंत वर घ्यायला सांगितली आहे, ती नेमकी अशी चूक टाळण्यासाठी.

तुमच्यासाठी पुढचा हिशेब असा. तिसरा बीटा मी आठवडाभराने करायला सांगेन, रोज किंवा दिवसाआड नाही. ७९ वरून याच वेगाने गेलात तर सात दिवसांनी तो सातशेच्या आसपास असायला हवा. बराच कमी असेल, उदाहरणार्थ दोनशेच्या खाली, तर सोनोग्राफी लवकर आणि नळ्यांकडे खास लक्ष देऊन. उतरला असेल तर गर्भ थांबला आहे. तेव्हाही तो पुन्हा एकदा तपासून मगच औषधं बंद करायची आणि शून्याजवळ येईपर्यंत मोजत राहायचं, कारण उतरणारा नळीतला गर्भही फुटू शकतो. नीट वाढला तर पहिली सोनोग्राफी ट्रान्सफरनंतर साधारण एकविसाव्या दिवशी, म्हणजे ५ आठवडे ५ दिवसांना. त्या दिवशी पिशवी गर्भाशयात आहे का एवढंच बघायचं, जमलं तर तिच्यातला योक सॅकचा, म्हणजे सुरुवातीला गर्भाला पोसणाऱ्या थैलीचा, छोटा गोल. ठोके त्या दिवशी मागू नका. तुमचा गर्भ एक-दीड दिवस मागे असेल असं आपण धरलंच आहे. ठोक्यांसाठी आणखी आठ-दहा दिवसांनी दुसरी. गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त असून ठोके नाहीत, किंवा पिशवी २५ मिलिमीटर किंवा जास्त असून आत गर्भच नाही, यापेक्षा कमी मापावर कोणीही "गेला" असं सांगितलं तर एक आठवडा मागून घ्या आणि पुन्हा बघा.

घरी पट्ट्या लावू नका. पट्टी साधारण २५ च्या वर रेघ दाखवते, आणि रेघेचा गडदपणा तुमच्या लघवीच्या दाटपणावरही ठरतो. सकाळी गडद, दुपारी पाणी प्यायल्यावर फिकट, आणि त्यावरून संध्याकाळपर्यंत डोळ्याला डोळा नाही, हे मी फार बघितलंय. पडून राहायचीही गरज नाही. उठण्या-बसण्याने, जिना चढण्याने बीटा बदलत नाही. तुम्ही केलेल्या किंवा न केलेल्या कशामुळेही तो ४२ झालेला नाही. इतक्या लवकर थांबणाऱ्या गर्भांमध्ये निम्म्याहून जास्त वेळा गुणसूत्रांतच दोष असतो, आणि तो ट्रान्सफरच्या आधीच ठरलेला असतो.

तिसरा बीटा आला की आकडा, तारीख आणि रक्त दिल्याची वेळ, तिन्ही लिहून कळवा. सोबत चालू औषधांची नावं आणि डोसही द्या. बायोटिन घेत असाल तर तेही.